दहा मिनिटं, मॅडम

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी पन्नाशी उलटलेल्या एका माणसाने मला चारचौघांत ओढणी काढायला सांगितली आणि वर ती ठेवायला लाकडी पेटी पुढे केली. अशी तिडीक गेली डोक्यात की विचारू नका. मी रसायनशास्त्राची पदवीधर, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली केमिस्ट. हातात नमुन्याची बाटली, अंगावर नोकरीसाठी म्हणून घेतलेला नवा ड्रेस. आणि समोर हा खाकी सुती कपड्यांतला, डोक्याला पटका बांधलेला गृहस्थ फाटक अडवून उभा.

"नायलानची हाय न्हवं ओढणी? मग ती घिऊन आत जायाचं न्हाय. मोबाइल बी टाका पेटीत."

"तुम्ही कोण मला सांगणारे?"

"मी हितला स्टोअरकीपर, धुळाप्पा. आदी टाका, मग मी कोन ते निवांत सांगतो की."

मागे टँकरचा ड्रायव्हर दात काढत उभा होता. मी ओढणी पेटीत आदळली. धुळाप्पांनी खुंटीवरचा सुती कोट माझ्यापुढे धरला. तो मला पार पोटऱ्यांपर्यंत येत होता. त्या अवतारात मी आत गेले, टँकरच्या शिडीला हात घालणार, तोच पुन्हा त्यांचा पंजा वर झाला.

"आता धा मिन्टं, मॅडम. जरा थांबा की."

पुढची सहा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. आठवड्यातून तीनदा तरी.

आमचा कारखाना सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांना लागणारा कच्चा माल तयार करणारा. मागच्या अंगाला तारेच्या कुंपणात सॉल्व्हंट यार्ड होतं. जमिनीखाली एक मोठी टाकी, पत्र्याखाली लोखंडी पिंपांच्या रांगा, आणि त्या सगळ्यांत टोल्युइन. दिसायला पाण्यासारखं, वासाला रंगाऱ्याच्या थिनरसारखं. त्याची वाफ दिसत नाही. ती हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरकत सरकत कुठल्या कुठे जाते, आणि वाटेत एवढीशी ठिणगी भेटली की आल्या वाटेने आग घेऊन परत येते. मला हे पुस्तकातून पाठ होतं. धुळाप्पामामा मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाच्या घरातले, शाळा सातवीत सुटलेली. त्यांना हे कळायला पुस्तक लागलं नव्हतं, आणि हेच मला सहन होत नव्हतं, खरं सांगायचं तर.

टँकर आला की मामांचा सोहळा सुरू व्हायचा. आधी चाकांना ओंडके. मग चिमूटभर माती हातातून सोडून वारा कुणीकडचा ते बघायचं. मग जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीची तार ओढत आणून तिचा चिमटा टँकरला लावायचा. तोही नुसता लावायचा नाही. पितळी पान्याच्या टोकाने टँकरवरचा रंग घासून, खालचा धातू उघडा करून मग लावायचा. त्यानंतर फाटकाबाहेरच्या लिंबाखाली फरशीवर बसायचं. दहा मिनिटं. नमुना घ्यायचा नाही, झाकण उघडायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. तिकडे उत्पादन विभागाचे फोन माझ्या नावाने खणखणत असायचे आणि माझा फोन पेटीत. परत गेलं की मॅनेजर साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, "मॅडम, नमुना आणायला गेला होता की अक्कलकोटला जाऊन आलात?"

एकदा एप्रिलच्या उन्हात माझा बांध फुटला. "मामा, चिमटा लावला ना? झालं ना अर्थिंग? मग ही दहा मिनिटं कसली? मी शिकलेय हे सगळं. तुम्ही उगाच लोकांचा जीव खाता!"

मामांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि विचारलं, "मॅडम, घोंगडं पांघरलंय कवा?"

"घोंगड्याचा काय संबंध?"

"आमी मेंढरामागं रानात झोपायचो. थंडीच्या दिसात, कोरड्या हवंत, घोंगडं अंगावरनं वडलं की अंधारात चटचट ठिनग्या पडत्यात. बारक्या, निळ्या निळ्या. माझी आई म्हनायची, घोंगडं झटकू नगं, आदी जरा भुईला टेकव, गप पडू दे. मग उचल." मामांनी टँकरकडे हनुवटी केली. "हे बी तसंच हाय की. पुण्याकडनं हितवर टोल्युइन आत घुसळत आलंय. घोंगडंच ते. चिमटा लावला म्हंजे भुईला टेकवलं. आता गप पडू दे की त्येला."

मी गप्प झाले. त्यांचं बरोबर होतं. पुस्तकात हेच तीन पानं लिहिलेलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून आले होते. पण गप्प झाले म्हणजे पटवून घेतलं असं नाही हं! उलट मला त्यांचा राग जास्तच यायला लागला. कारण आता भांडायला मुद्दाही उरला नव्हता.

त्यांची आणखी बरीच खुळं होती. सुटं टोल्युइन ते फक्त स्टीलच्या कॅनमध्ये द्यायचे, आणि भरताना कॅन आणि पिंप तारेने एकमेकांना बांधायचे. प्लॅस्टिकचा कॅन घेऊन कुणी आलं की म्हणायचे, "ह्यात दूध न्या, ताक न्या. ह्येला तार लावली तरी भुईला टेकत न्हाय. हितलं न्हाय मिळायचं." नमुन्याची बाटली टाकीत सोडायला सुती दोरीच. रिकाम्या पिंपाचं झाकण ते भरलेल्याहून घट्ट लावायचे. "भरल्यात नुसतं टोल्युइन असतंय. रिकाम्यात वाफ बसलेली असती, वाट बघत," म्हणायचे. उन्हाळ्यात रिकाम्या पिंपावर कुणी जेवायला बसलं की मामा हातातली भाकरी टाकून धावायचे. लोक हसायचे. मीही हसायचे.

मॅनेजर साहेब मात्र हसत नव्हते. त्याला कारण खंडेनवमीची पूजा.

सोलापुरात खंडेनवमीला यंत्रांची पूजा कोण करत नाही? मागावर हार पडतो, रिक्षावर पडतो, आमच्याकडेही प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागायचं. त्या वर्षी साहेबांच्या मनात आलं की टाकीचीही पूजा झाली पाहिजे, कारखान्याची लक्ष्मीच ती. निरांजन, उदबत्तीचा पुडा, कापूर, नारळ, असं ताट घेऊन साहेब पुढे आणि आम्ही पंधरा-वीस जण मागे, अशी मिरवणूक यार्डाच्या फाटकाशी आली. मामा पेटीपाशी उभे. आदल्या दिवशीच त्यांनी स्वतः टाकीच्या झाकणाला झेंडूचा हार घातला होता, पिंपांना कुंकवाची बोटं लावली होती.

"फुलं, नारळ आत घिऊन जावा साहेब. निरांजन, उदबत्ती हितंच, फाटकाभायेर, त्या तुळशीपशी."

"अरे, देवाचं आहे हे! वर्षातून एकदा!"

"देवाला राग यायचा न्हाय, साहेब. टाकीला यील."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी ताट तिथेच खाली ठेवलं आणि तरातरा निघून गेले. तुळशीपाशी निरांजन लावलं ते शेवटी मामांनीच, अगदी मनोभावे हात जोडून. यार्डापासून ती तुळस किती पावलांवर आहे हे त्यांनी केव्हाच मोजून ठेवलं होतं.

त्यानंतर महिनाभरात परदेशी जायच्या मालाची घाई सुरू झाली. टँकर रोज येऊ लागले, दहा मिनिटं रोज जाऊ लागली. एका दुपारी मी नमुना उशिरा आणला म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, आणि मग साहेबांनी मला आत बोलावून, एकदम गोड आवाजात सांगितलं, "तुमचा दोष नाही, मला कळतं. तुम्ही असं करा, तुमचा रोजचा त्रास लेखी द्या. मी बघतो."

दिला. असा दिला की काय सांगू! सहा वर्षांचं सगळं साचलेलं त्या पानावर ओतलं. स्टोअरकीपर प्रत्येक टँकरला तार जोडल्यावर सक्तीने दहा मिनिटं थांबवतात. महिला कर्मचाऱ्यांना ओढणी काढून सुती कोट घालायला भाग पाडतात. फोन जप्त करतात. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये टोल्युइन देण्यास ठाम नकार देतात, वारंवार सांगूनही. रंग खरवडून टँकरचं नुकसान करतात. पूजेसारख्या प्रसंगीही निरांजन आत नेऊ देत नाहीत. खाली लफ्फेदार सही. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

आठ दिवसांत मामांची बदली मुख्य गेटवर झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची आणि साहेबांच्या गाडीला सलाम करायचा. बदलीच्या कागदाला माझ्या तक्रारीची प्रत जोडलेली होती म्हणे. मामा मला काही बोलले नाहीत. सकाळी गेटवर भेटले की नेहमीसारखंच, "आला का मॅडम? जेवनाचा डबा आनला का?" मी "हो" म्हणून झपाझप पुढे जायचे. मान वर करून बघायची हिंमत होत नव्हती.

यार्डात त्यांच्या जागी इरण्णा आला. अक्कलकोटकडचा, चाळिशीतला, दोन मुलींचा बाप, स्वभावाने गरीब माणूस. मामांनी त्याला चार दिवस सगळं शिकवलं होतं. पाचव्या दिवसापासून साहेबांनी ते मोडायला लावलं. पेटी हलवली, दहा मिनिटांची दोन केली, मग तीही गेली. स्टीलचे कॅन जड पडतात म्हणून प्लॅस्टिकचे पांढरेशुभ्र कॅन आणले. आणि काम भराभर व्हायला लागलं हो! मी ओढणी घेऊन आत जायचे, नमुना घेऊन पाच मिनिटांत परत. सगळे खूश.

फेब्रुवारीत हवा कोरडी पडली, ओठ फुटायला लागले. एका सकाळी अकराच्या सुमाराला इरण्णा यंत्र धुवायला लागणारं टोल्युइन पिंपातून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये सोडत होता. कॅन अर्धा भरला असेल. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी होते. आवाज मोठा नाही झाला. भप्प, एवढाच. गॅसची शेगडी उशिरा पेटवल्यावर होतो तसा. आणि इरण्णा दोन्ही हात पुढे धरून उलटा पळत होता आणि हातांवर ज्वाळा होत्या.

लोक पाण्याचे पाइप घेऊन धावले. तेवढ्यात गेटकडून मामा पळत आले, पटका सुटलेला, आणि ओरडत होते, "पानी न्हाय! आगीवर पानी मारू नगा, पसरंल ती! वाळू टाका! फोम आना!" वाळूच्या बादल्या त्यांनी वर्षानुवर्षं भरून ठेवलेल्या होत्या, त्या अजून जागेवर होत्या म्हणून वाचलो. शेजारी तीस पिंपं होती. आग तिथवर गेली असती तर हे लिहायला मी उरले नसते. मामांनी इरण्णाला गोणपाटात गुंडाळून विझवलं, नळाखाली बसवलं आणि त्याचे हात धारेखाली धरून ठेवले. इरण्णा कन्नडमध्ये आईला हाका मारत होता. अँब्युलन्स आली तरी मामा म्हणत होते, "अजून थोडं. अजून थोडं पानी जाऊ द्या की वरनं." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

इरण्णा वाचला. बोटं मात्र पुन्हा नीट मिटली नाहीत.

मग फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. साहेबांच्या खोलीत चौकशी. साहेब, मामा, मी, आणि कागदांचे गठ्ठे. साहेबांनी सरळ काखा वर केल्या. म्हणाले, "अहो, इरण्णाला या धुळाप्पानेच तयार केलं. सगळी वर्षं यार्ड याच्याच ताब्यात होतं. यानेच कधी काही पद्धत पाडली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. आम्हाला कसं कळणार? अशिक्षित माणूस."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. कारखान्यात त्या माणसाच्या पद्धतींनी सगळ्यात जास्त कावलेली बाई मी, समोर बसलेली. एक वाक्य बोलायचं होतं. पण प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी होती आणि माझी फाईल साहेबांच्याच टेबलावर पडलेली. मी मूग गिळून बसले. टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिले. आजही ते कॅलेंडर आठवलं की माझीच मला शिसारी येते.

इन्स्पेक्टरांनी मामांना विचारलं, "तुम्ही पद्धती पाळत होता म्हणता. लेखी काही आहे?"

मामांच्या रजिस्टरात फक्त किती आलं, किती गेलं. बाकी सगळं त्यांच्या हातांत होतं, कागदावर नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला. मग बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्या मॅडमनी लिवलंय सगळं. माज्यापेक्षा बरं लिवलंय."

माझी तक्रार होती ती.

इन्स्पेक्टरांनी ती मोठ्याने वाचली. तार जोडल्यावर सक्तीने दहा मिनिटं. सुती कोट. फोन बाहेर. प्लॅस्टिकच्या कॅनला ठाम नकार, वारंवार सांगूनही. प्रत्येक वाक्य माझं. वाचून झाल्यावर त्यांनी खालची तारीख बघितली, पोहोच म्हणून केलेली साहेबांची सही बघितली आणि साहेबांना विचारलं, "हे सगळं तुम्हाला लेखी कळवलेलं होतं. म्हणजे ही पद्धत तुम्हाला माहीत होती. आणि त्यानंतर तुम्ही या माणसाला तिथून काढलंत?"

साहेब समोरचे गठ्ठे चाळायला लागले. मग इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, हे खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणाले. "शब्दन्‌शब्द." बोलले हो शेवटी, पण कधी? सगळं झाल्यावर. विचारल्यावर. त्यात कसली मर्दुमकी!

बाहेर आल्यावर मी मामांच्या मागे मागे गेले. माफी कशी मागतात हेच सुचेना. म्हणाले, "मामा, मी ते रागाने लिहिलं होतं हो."

"व्हय की, ठावं हाय," मामा म्हणाले. "रागात लिवलं म्हनून एक बी गोष्ट सुटली न्हाय. खूश हून लिवलं असतं तर चार वळीत आटपलं असतं तुमी."

पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल सगळं गोड झालं. साहेबांची दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली झाली, तीही मोठ्या जागेवर. यार्डाच्या फाटकावर भला मोठा फलक लागला, दहा मिनिटं थांबा, सुती कपडे वापरा, प्लॅस्टिक वर्ज्य. खाली कंपनीचं नाव. मामांचं नाव कुठेच नाही. त्यांना यार्डात परत बोलावलं, पण निवृत्तीला तीनच महिने राहिले होते. परवाच नव्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, दहाचं पाच नाही का करता येणार?" मी असं काही बघितलं त्यांच्याकडे की ते दुसरंच बोलायला लागले. पण विचारतील. पुन्हा विचारतील. मला माहीत आहे.

मामांच्या शेवटच्या दिवशी शाल, नारळ, समोसे, सगळं झालं. संध्याकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात आले. हातात त्या तक्रारीची झेरॉक्स. त्यांच्याकडचा कागद चौकशीच्या फायलीत गेला होता, आणि मामांनी इन्स्पेक्टरांच्या मागे लागून प्रत मिळवली होती.

"मॅडम, हितं तुमची सही लई फिकी आलीया. परत करता का?"

"मामा, कशाला ठेवता तो कागद? फाडून टाका. माझ्यावर दया करा."

"फाडू? का?" त्यांना खरंच कळलं नाही. "सव्वीस वर्सं झाली हितं. माज्या कामावर कंपनीनं कदी दोन वळी लिवल्या न्हाईत. तुमी पानभर लिवलंय. पोरांस्नी दावायचं हाय, तुमचा बा काय करत व्हता ते."

मी जेल पेन घेतलं. डोळ्यांपुढे काही नीट दिसत नव्हतं, तरी फिक्या सहीवरून पुन्हा सही केली. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर ती ओली चमकत होती. तेवढ्यात उत्पादन विभागाचा फोन वाजायला लागला, म्हणून मी घाईने कागदाची घडी घालायला गेले, तर समोर तोच पंजा वर झालेला.

"जरा थांबा की, मॅडम. शाई वाळू द्या."

फोन वाजून वाजून बंद झाला. कागद टेबलावर मधे ठेवून आम्ही दोघं बसून राहिलो.